टेस्ला ठेवावी की बदलावी?

मार्च २०२५ मध्ये अ‍ॅरिझोनाचे सिनेटर मार्क केली यांनी आपली टेस्ला काढून टाकली आणि शेव्हर्लेची टाहो घेतली. त्याच्या महिनाभर आधी गायिका शेरिल क्रो यांनी आपली टेस्ला विकून आलेले पैसे नॅशनल पब्लिक रेडिओला दिले होते. त्याच मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउससमोर टेस्लाच्या गाड्या उभ्या करून त्यांतली एक विकत घेत असल्याचं जाहीर केलं. गाडी घेण्या-विकण्याला इतका राजकीय अर्थ अमेरिकेत क्वचितच आला असेल.

फ्रीमाँट, सनीवेल, एडिसन, प्लेन्सबरो अशा गावांतल्या मराठी घरांत टेस्ला ही काही नवलाईची वस्तू नाही. बहुतेकांनी ती घेतली तेव्हा कारणं साधी होती: पेट्रोलचा खर्च वाचावा, धूर कमी व्हावा, रोज लांब ऑफिसला जायला आरामाची गाडी असावी. आता तीच गाडी पाहून काहींना अस्वस्थ वाटतं. काहींना लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते. ज्यांच्या घरात हा विषय जेवताना निघतो आणि अर्धवटच राहतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं सांगणं एवढंच आहे: सदसद्विवेक, सुरक्षितता आणि पैसा हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवा. ते एकत्र कालवले की रागाच्या भरात हजारो डॉलर जातात आणि ज्याचा निषेध करायचा होता त्याला त्याची झळही पोचत नाही.

खटकतं ते आधी कागदावर लिहा

टेस्ला २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी सुरू केली. इलॉन मस्क २००४ मध्ये गुंतवणूकदार म्हणून आले आणि २००८ पासून तेच सीईओ आहेत. त्यांनी २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं. २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. २०२५ च्या सुरुवातीला ते ‘डोज’ या सरकारी खर्चकपातीच्या मोहिमेचा चेहरा बनले आणि त्याच सुमारास जर्मनीच्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला त्यांनी उघड पाठिंबा दिला. सरकारी नोकऱ्या आणि संशोधनाचे निधी कापले गेले तेव्हा विद्यापीठांच्या आधाराने जगणाऱ्या घरांना ते थेट लागलं. याच मस्क यांनी डिसेंबर २०२४ मध्ये एच-वन-बी व्हिसाची जाहीर बाजूही घेतली होती. त्यामुळे एकाच घरात नवऱ्याचं एक मत आणि बायकोचं दुसरं असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

म्हणून दोघांनी बसून वेगवेगळ्या कागदावर लिहा: मला नेमकं काय खटकतं? मस्क यांचं राजकारण? कंपनीचं वागणं? गाडीतला एखादा दोष? की पार्किंगमध्ये लोक वळून बघतात ते? प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. दोष असेल तर आधी रिकॉल तपासायचा. लोकांची नजर टोचत असेल तर ती कितपत खरी आणि किती दिवसांची, हे पाहायचं. राजकारण खटकत असेल तर आपला पैसा कुठून कुठे जातो ते शोधायचं. चौथ्याच कारणासाठी गाडी विकली आणि पहिलं कारण तसंच राहिलं, असं होऊ देऊ नका.

तुमचा पैसा अजून कुठून जातो?

ज्या दिवशी तुम्ही गाडी घेतली, त्या दिवशी कंपनीला मिळायची ती रक्कम मिळून गेली. लोन बँकेचं असेल तर दरमहा हप्ता बँकेला जातो. आज ती गाडी तुम्ही दुसऱ्या कुणाला विकलीत, तर टेस्लाच्या तिजोरीतून एक डॉलरही बाहेर पडत नाही. गाडी रस्त्यावर राहते, फक्त चालवणारा बदलतो. जुन्या गाड्या बाजारात एकदम जास्त आल्या तर त्यांचे भाव पडतात आणि आडून नव्या गाड्यांच्या खपावर परिणाम होतो, हे खरं. पण तो परिणाम पातळ असतो आणि त्याची किंमत मुख्यतः तुम्ही आणि तुमच्यासारखे मालकच मोजतात.

फोक्सवॅगनचं उदाहरण याच्या उलट आहे. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेली लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाली. अमेरिकेत पुढच्या वर्षी झालेल्या समझोत्यात सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना गाडी कंपनीलाच परत विकण्याचा पर्याय मिळाला. तिथे पैसा कंपनीच्या खिशातून गेला. तुमच्या बाबतीत असा कोणताही आदेश नाही. नुकसान झालं तर ते तुमचंच.

आज तुमच्याकडून टेस्लाकडे जे वाहतं ते वेगळं आहे, आणि ते थांबवायला गाडी विकावी लागत नाही. सुपरचार्जरवरचं चार्जिंग, फुल सेल्फ-ड्रायव्हिंगची ९९ डॉलरची मासिक वर्गणी, प्रीमियम कनेक्टिव्हिटीचे महिना दहा डॉलर, टेस्लाचाच इन्शुरन्स असेल तर त्याचा हप्ता, सर्व्हिस आणि सुटे भाग. घरी चार्ज करा, प्रवासात अ‍ॅडॉप्टर लावून इलेक्ट्रिफाय अमेरिका, ईव्हीगो किंवा चार्जपॉइंट वापरा, वर्गणी बंद करा, इन्शुरन्स दुसरीकडे न्या. एका संध्याकाळचं काम आहे.

आणखी एक ठिकाण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये टेस्ला एसअँडपी ५०० मध्ये आली. तुमच्या ४०१(के) मध्ये त्या निर्देशांकाचा फंड असेल, तर तुम्ही टेस्लाचे छोटे भागधारक आहात. गाडी विकूनही हे नातं तुटत नाही. तेही तोडायचं असेल तर प्लॅनमधले इतर फंड पाहा. मात्र केवळ एका कंपनीसाठी निवृत्तीची पुंजी विस्कटण्याआधी सल्लागाराशी बोला.

कंपनीला खरोखर ऐकू जातो तो नव्या गाड्यांच्या विक्रीचा आकडा. २०२३ मध्ये टेस्लाने जगभरात सुमारे १८.१ लाख गाड्या दिल्या, २०२४ मध्ये १७.९ लाख आणि २०२५ मध्ये सुमारे १६.४ लाख. या घसरणीमागे वाढलेली स्पर्धा, जुनी होत चाललेली मॉडेलं आणि मस्क यांचं राजकारण अशी अनेक कारणं आहेत. पण भागधारक दर तिमाहीला बघतात तो हाच आकडा. तुमचं मत तिथे मोजलं जातं: पुढची गाडी घेताना.

मनःशांतीची किंमत काढा

आता पैसा. पुढचे आकडे हिशेबाची पद्धत दाखवण्यासाठी मानलेले आहेत. तुम्ही तिथे तुमचे घाला.

समजा तुमच्याकडे २०२२ ची मॉडेल वाय आहे. लोन १८,००० डॉलर उरलं आहे, व्याज अडीच टक्के, हप्ता ५२० डॉलर आणि अजून तीन वर्षं बाकी आहेत. गाडीला आज २३,००० मिळतात, म्हणजे लोन फेडून हातात ५,००० उरतात. दुसऱ्या कंपनीची नवी गाडी कर धरून ४५,००० ची. ते ५,००० भरून ४०,००० चं लोन साडेसहा टक्क्यांनी सहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ६७० डॉलर येतो.

तीन वर्षांनंतरचं चित्र मांडा. जुनी ठेवली तर तुम्ही सुमारे १८,७०० भरलेत, लोन संपलं आणि गाडी समजा ११,००० ची राहिली. निव्वळ खर्च ७,७००. बदलली तर तुम्ही सुमारे २४,२०० भरलेत, गाडी समजा २३,००० ची आहे आणि लोन अजून २२,००० बाकी आहे. निव्वळ खर्च २३,२००. फरक १५,५०० डॉलर, म्हणजे दरमहा साधारण ४३०.

हा ४३० चा आकडा दोघांनी समोर ठेवा आणि विचारा: त्या गाडीत बसताना होणारा त्रास महिना ४३० डॉलरचा आहे का? असेल, आणि घरचा ताळेबंद ते पेलत असेल, तर गाडी बदला. मनाला शांतता मिळण्यावर खर्च करणं हा काही अपव्यय नव्हे. नसेल, तर गाडी ठेवा आणि त्यातले शंभर डॉलर दरमहा तुम्हाला ज्या कामाची चाड आहे तिथे द्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला, स्थानिक रेडिओला किंवा संशोधन शिष्यवृत्तीला ते पैसे थेट पोचतात.

या हिशेबात दोन गोष्टी नीट पाहा. २०२१-२२ मध्ये मिळालेलं स्वस्त व्याज आज मिळत नाही, म्हणून जुनं लोन हीच तुमची मोठी जमा बाजू असते. आणि जानेवारी २०२३ पासून टेस्लाने किमती झपाट्याने उतरवल्या, त्यामुळे त्याआधी चढ्या भावात घेतलेल्या कित्येकांचं उरलेलं लोन आजच्या किमतीहून जास्त आहे. तसं असेल तर वरची थकबाकी नव्या लोनमध्ये मिसळू नका. डीलर ते अगदी सहज करून देतो आणि तुम्ही नव्या गाडीसोबत जुन्या गाडीचंही व्याज सहा वर्षं भरत राहता. फुल सेल्फ-ड्रायव्हिंगसाठी एकरकमी दहा-बारा हजार मोजले असतील, तर विकताना त्यातले थोडेच परत येतात हेही धरून चाला.

लीजवर असाल तर प्रश्न बहुधा आपोआप सुटतो. मुदतीआधी मोडायचा दंड करारात वाचा; तो उरलेल्या हप्त्यांच्या जवळपास असेल तर मुदत संपू द्या आणि किल्ली परत करा.

राज्याचे नियम

नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची आणि जुन्या गाडीवरची ४,००० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब करू नका. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक गाडीला एकट्याने कारपूल लेनमधून जाऊ देणारे स्टिकरही त्याच दिवशी रद्द झाले. तिथे ट्रेड-इनची रक्कम विक्रीकरातून वजा होत नाही, न्यू जर्सीत होते. तेव्हा न्यू जर्सीत ट्रेड-इनचा भाव आणि खाजगी विक्रीचा भाव यांची तुलना करताना कराची बचत मोजा. न्यू जर्सीने इलेक्ट्रिक गाड्यांची विक्रीकरातली सूटही जुलै २०२५ पासून पूर्ण काढली आणि नवी गाडी नोंदवताना वार्षिक इलेक्ट्रिक शुल्क चार वर्षांचं एकदम घेतलं जातं. ती रक्कम हजार डॉलरच्या वर जाते.

सुरक्षिततेचा प्रश्न आधी सोडवा

२०२५ च्या वसंतात टेस्लाच्या शोरूमसमोर निदर्शनं झाली, लास व्हेगासच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्या जाळल्या गेल्या, कित्येकांच्या गाड्यांवर ओरखडे आणि रंग आले. निदर्शनं हा नागरिकांचा हक्क आहे. दुसऱ्याच्या दारातली गाडी खराब करणं हा गुन्हा आहे आणि त्याचा फटका कंपनीला नव्हे, तर एखाद्या नर्सला किंवा शिक्षिकेला बसतो. तुमच्या इन्शुरन्समध्ये ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भाग आहे ना, हे आजच बघा. तोडफोड त्यातच येते, ‘कोलिजन’मध्ये नाही. डिडक्टिबल किती तेही पाहा. सेंट्री मोड चालू ठेवला तर आजूबाजूचं चित्रीकरण होतं, मात्र बॅटरी खर्च होते. घरच्या गॅरेजमध्ये तो बंद ठेवा.

गाडीतली सुरक्षितता त्याहून महत्त्वाची. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर गाडीचा व्हिन नंबर घालून रिकॉल तपासा. डिसेंबर २०२३ मध्ये ऑटोपायलट वापरताना चालकावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था अपुरी ठरल्याने वीस लाखांवर गाड्यांचा रिकॉल झाला आणि तो सॉफ्टवेअरने दुरुस्त केला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ च्या मॉडेल वायच्या विजेवर चालणाऱ्या दारांच्या हँडलची चौकशी सुरू झाली. म्हणून एक काम गाडी ठेवणार असाल किंवा नसाल तरी या शनिवारीच करा. वीज गेली तर हाताने दार उघडायची कळ कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये शोधा आणि मुलांना, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ती प्रत्यक्ष ओढायला लावा. मागच्या दारांची ही कळ काही मॉडेलांत सहज दिसत नाही.

बदलायचीच, तर कशाने?

मार्क केली यांनी घेतलेली टाहो ही पेट्रोलवरची अवजड एसयूव्ही आहे. तो त्यांचा निर्णय. पण ज्यांनी धूर कमी व्हावा म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेतली, त्यांनी एका तत्त्वासाठी दुसरं सोडायची गरज नाही. ह्युंदाई आयोनिक ५, किआ ईव्ही६ आणि ईव्ही९, शेव्हर्ले इक्विनॉक्स ईव्ही, फोर्ड मस्टँग माक-ई, रिव्हियन असे पर्याय आहेत. तुमची जुनी टेस्ला एखाद्याने पेट्रोलची गाडी सोडून घेतली तर हवेचं भलंच होतं, तेव्हा त्या बाजूने अपराधी वाटून घेऊ नका.

पर्यायांचेही दोष आहेत. ह्युंदाई-किआच्या गाड्यांत चार्जिंगचं नियंत्रण करणाऱ्या भागामुळे २०२४ मध्ये रिकॉल झाले. शेव्हर्ले बोल्टच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्याने २०२१ मध्ये एक लाख चाळीस हजारांवर गाड्या परत बोलावल्या गेल्या. आणि लांबच्या प्रवासात तुम्ही बहुधा पुन्हा सुपरचार्जरवरच उभे राहाल, कारण २०२४ पासून ते फोर्ड, जीएम आणि पुढे ह्युंदाईसाठी खुले झाले. तो पैसा टेस्लालाच जातो. तो टाळायचा असेल तर तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर दुसऱ्या कंपन्यांचे चार्जर आहेत का, हे आधी नकाशावर पाहा.

निष्कलंक कंपनी शोधायला निघालात तर हात रिकामे राहतील. हेन्री फोर्ड यांच्या वृत्तपत्राने १९२० च्या दशकात ज्यूद्वेष छापला. फोक्सवॅगन नाझी राजवटीत जन्मली आणि युद्धात तिने सक्तीच्या मजुरांकडून काम करून घेतलं. चिनी कंपनी बीवायडीच्या ब्राझीलमधल्या कारखान्याच्या बांधकामावरून डिसेंबर २०२४ मध्ये १६३ चिनी कामगारांची गुलामीसदृश परिस्थितीतून सुटका करण्यात आली. यातून ‘सगळेच सारखे’ असा सोयीचा निष्कर्ष काढू नका. आज चालू असलेलं वागणं आणि शंभर वर्षांपूर्वीचा कलंक यांत फरक आहे. तुमच्या दृष्टीने कोणती गोष्ट अक्षम्य आणि कोणती सहन करण्याजोगी, याची रेघ तुम्हीच ओढा आणि पुढच्या कंपनीलाही तीच लावा.

शक्य असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी बघा. सुरुवातीची मोठी घसारा-रक्कम पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असल्याने बरीच शिल्लक असते.

विकताना विसरू नये असं

बॅटरीची हमी किती उरली ते कागदावर दाखवा. मॉडेल ३ आणि वायला ती आठ वर्षं किंवा आवृत्तीप्रमाणे एक लाख वा एक लाख वीस हजार मैल असते आणि त्या काळात क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेल्यास लागू होते. निदान तीन ठिकाणांहून भाव घ्या. पहिल्या भावावर हो म्हणू नका. गाडी देण्याआधी घरचा पत्ता, संपर्क, गॅरेजचा रिमोट पुसून फॅक्टरी रीसेट करा, अ‍ॅपमधून मालकी काढा, डॅशकॅमचा पेनड्राइव्ह आणि ई-झेडपास काढून घ्या. कॅलिफोर्नियात विक्रीची सूचना पाच दिवसांत डीएमव्हीला द्यावी लागते. न्यू जर्सीत नंबरप्लेट तुमच्याकडेच ठेवायची असते.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी

१५ जुलै २०२५ ला टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिलं शोरूम उघडलं. मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून सुरू झाली. तुमच्यापुढे बदलण्याचा प्रश्न नाही, घेण्याचा आहे, आणि म्हणूनच तुमचं मत जास्त वजनदार आहे. कंपनीविषयी मनात किंतु असेल तर तो आगाऊ रक्कम भरण्याआधी निकालात काढा. गाडी आयात होऊन येते, सर्व्हिसची ठिकाणं मोजकी आहेत आणि जुन्या टेस्लांचा बाजार अजून बसलेला नाही. घेऊन मग पस्तावलात तर विकणं अमेरिकेपेक्षा अवघड जाईल.

निर्णयाचा क्रम

पहिल्या आठवड्यात रिकॉल, इन्शुरन्स आणि दाराची कळ. दुसऱ्या आठवड्यात टेस्लाकडे जाणाऱ्या वर्गण्या बंद करून बघा. कित्येकांची अस्वस्थता तिथेच बरीच उतरेल. तिसऱ्या आठवड्यात तीन भाव मागवा, वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि फरकाचा मासिक आकडा दोघांनी सही करून लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यात ठरवा. बातमी वाचून चिडलेले असाल त्या दिवशी ठरवू नका. कुणी टोमणा मारला त्या दिवशी तर नाहीच.

ठेवायचं ठरलं तर अपराधीपण सोडून गाडी नीट वापरा, लोन फेडा आणि पुढची गाडी कोणाची घेणार नाही हे आजच पक्कं करा. बदलायचं ठरलं तर आकडे माहीत असताना, दोघांच्या संमतीने आणि इलेक्ट्रिकच घ्या. ज्याने अजून जुनी टेस्ला ठेवली आहे अशा शेजाऱ्याला किंवा मित्राला मात्र त्यावरून बोल लावू नका. त्याच्या घरचा हिशेब तुम्ही पाहिलेला नाही, आणि हवा स्वच्छ व्हावी ही त्याचीही इच्छा तुमच्याइतकीच खरी असू शकते.